मिनिटाला एक फेरा

मित्रांनो, मी एक जुना वीजमीटर आहे. 'जुना' हा शब्द मीच लावून घेतला, कारण तुम्ही तो लावणारच होता. माझ्या पोटात अ‍ॅल्युमिनियमची एक चकती आहे. तिच्या काठावर एक काळी खूण आहे. वीज चालली की चकती फिरते. जास्त वीज गेली की भराभर, कमी गेली की सावकाश. बाराशे फेरे झाले की एक युनिट. मला एवढंच येतं. पण एवढंसुद्धा न येणारी माणसं मी साहेब झालेली पाहिली आहेत, त्यांच्या गळ्यात हार पडलेले पाहिले आहेत, आणि ती माझ्याच शेजारी उभी राहून फोटो काढून गेली आहेत.

सध्या मी डाळजच्या समाजमंदिराच्या हॉलात एका खिळ्याला टांगलेला आहे. इथवर कसा आलो, ते सांगतो. मन लावून ऐका. मोबाइल बाजूला ठेवलात तर बरं, नाही ठेवलात तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. चार माणसांनी मला तपासलं, दोन चुंबकांच्या मधोमध माझी चकती बसवली, ती अडत नाही ना हे पाहिलं आणि शिशाचं सील ठोकलं. तेव्हा मला वाटलं, आता आपण खरं बोलायचं आणि जगाने ते ऐकायचं. नवं कोरं असताना असा मूर्खपणा सगळेच करतात.

माझी पहिली नोकरी सोमेश्वरनगरला होती. तिथल्या एका घरमालकाने साखर कारखान्यातल्या कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या होत्या. त्या चाळीच्या जिन्याखाली त्याने मला लावलं. बावीस वर्षं मी तिथे फिरलो. गळिताचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागायची, खोल्यांमध्ये पाळ्या बदलायच्या आणि माझ्या चकतीला उसंत नसायची. घरमालक दर महिन्याला यायचा, चष्मा कपाळावर ठेवायचा आणि मला न वाचताच मागच्या महिन्याचा आकडा थोडा वाढवून लिहायचा. भाडेकरूही काही साधे नव्हते. एकाने माझ्या काचेवर लोहचुंबक चिकटवून पाहिलं, दुसऱ्याने फूटपट्टी खुपसून चकती अडवायचा खटाटोप केला. मी सगळ्यांचं खरं तेच सांगत राहिलो आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खात राहिलो.

मग डिजिटल मीटर आले. गुळगुळीत, हिरव्या आकड्यांचे, आत काय चाललंय याचा कुणाला पत्ता नाही असे. मला उचकटून पोत्यात टाकलं. पोतं जळोचीच्या एका भंगारवाल्याकडे गेलं आणि तिथे मी दोन पावसाळे एका मोडक्या कुकरच्या शेजारी पडून होतो. कुकरशी माझं कधी जमलं नाही. तो फार शिट्ट्यांच्या आठवणी काढायचा.

तिथून मला रेश्माने उचललं. ही जळोचीतल्या 'शिवार जोडणी सहकारी संस्थे'त तंत्रज्ञ म्हणून काम करते. ही संस्था बारामती आणि इंदापूरच्या गावांना इंटरनेट पोचवते. गावात तिला नुसतं 'जोडणी' म्हणतात. रेश्माने मला पुसलं, लाकडी फळीवर बसवलं, एका बाजूला वायर आणि पिन लावली, दुसऱ्या बाजूला सॉकेट. मग शंभर वॅटचा एक दिवा लावून हातात घड्याळ धरून ती माझे फेरे मोजत बसली. मिनिटाला दोन फेरे. बरोबर दोन. ती हसली आणि म्हणाली, "अजून खरं बोलतोयस की रे!" बावीस वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी उगाच हळवा होत नाही, पण त्या दिवशी झालो होतो, हे कबूल करतो.

आता तुम्ही विचाराल की इंटरनेटवाल्यांना वीजमीटर कशाला? मला ठाऊक आहे, तुम्हाला वाटतं व्हिडिओ हवेतून येतो. तुम्ही बोट टेकवता आणि तो येतो, म्हणजे फुकटच येतो. मित्रांनो, तो विजेवर येतो. जळोचीच्या खोलीत यंत्रं तापतात, त्यांना गार ठेवायला एसी लागतो, टॉवरवरची यंत्रं चालतात, वाटेतल्या पेट्या चालतात, तेव्हा कुठे तुमच्या हातातली मांजर नाचते. आणि तुम्ही तिच्याकडे पाहत पाहत झोपी जाता, तरी ती नाचतच राहते.

डाळजमध्ये मात्र मांजर नाचत नव्हती. तिथे समाजमंदिराच्या हॉलात चौदा बायका रोज संध्याकाळी दोन तास आरोग्य सहायिकेचा अभ्यासक्रम शिकत होत्या. पुण्याच्या एका संस्थेचे व्हिडिओ धडे होते. आधी व्हायचं काय, की एकच धडा चौदा जणी चौदा टॅबवर मागवायच्या आणि तो जळोचीहून चौदा वेळा यायचा. रेश्माने हॉलात एक पेटी बसवून घेतली. धडा एकदाच यायचा, पेटीत राहायचा आणि तिथून चौघींनी पाहिला काय, चौदा जणींनी पाहिला काय, लांबून पुन्हा आणावा लागायचा नाही. अक्कल वापरली की असं होतं. क्वचित होतं, म्हणून सांगून ठेवतो.

त्या चौदा जणींत एक नकोशी होती. घरातली तिसरी मुलगी, म्हणून जन्मतानाच हिला वजा केलेलं. हिने मात्र दोन म्हशी, सासू, दोन पोरं हे सगळं सांभाळून एक धडा चुकवला नव्हता. अभ्यासक्रमाला वयाची अट होती, पस्तीस. नकोशीला पस्तीस पूर्ण झाली होती. बाकीच्या तेराजणी नापास झाल्या तर पुढच्या वर्षी पुन्हा बसू शकत होत्या. नकोशीला हे एकच वर्ष होतं. शेवटची परीक्षा दीड तासाची, ती याच हॉलात, याच पेटीवरून, एका बैठकीत द्यायची. मध्ये खंड पडला की संपलं.

इथे आमच्या गोष्टीत रावजी तात्या येतात. रावजी तात्या जोडणीचे सचिव. त्याआधी एकतीस वर्षं एका साखर कारखान्यात काट्यावर कारकून. काटा म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असेल. नसेल तर तुम्ही या भागातले नाही. उसाने भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं. ऊस उतरवून गाडी रिकामी परत येते, पुन्हा वजन होतं. भरल्यातून रिकामं वजा केलं की उरला तो ऊस. तात्यांनी एकतीस वर्षं हेच केलं आणि एका शेतकऱ्याने कधी तक्रार केली नाही. हे ते दिवसातून तीन वेळा सांगतात.

त्या वर्षी कुठल्याशा संस्थेने जाहीर केलं, की सगळ्यात कमी विजेत धडे पोचवणाऱ्या ग्रामीण इंटरनेट-जाळ्याला 'हरित जाळे' असं प्रमाणपत्र देणार. जोडणीचे चेअरमन दादासाहेब यांना प्रमाणपत्रांचं भारी वेड. त्यांनी तात्यांना सांगितलं, मोजून घ्या. तात्यांनी डिजिटल मीटरला हातसुद्धा लावला नाही. "आकडा दिसतो, पर काय फिरतंय ते दिसत न्हाय," म्हणाले. त्यांनी मला निवडलं. मला त्यांचा आदर वाटला. मोजणी संपेपर्यंत वाटला.

रेश्माने मला पिशवीत घालून डाळजला आणलं. पेटीची पिन माझ्यात बसवली. तात्या माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले, हातात खडू. चौदा जणी धडा पाहत होत्या. प्रत्येक फेऱ्याला तात्या भिंतीवर एक रेघ ओढायचे, पाचवी आडवी. तासात सहासष्ट रेघा झाल्या. मग त्यांनी सगळ्यांना टॅब बंद करायला लावले आणि पुन्हा तासभर मोजलं. कुणी काही पाहत नव्हतं, पेटी नुसती बसून होती. साठ रेघा झाल्या. मिनिटाला एक फेरा, न चुकता.

मी वाट पाहत होतो, की आता हा माणूस दचकेल. काही काम नसताना साठ, सगळं काम असताना सहासष्ट! ही पेटी खाटेवर पडूनच जवळजवळ सगळी भाकरी खाते, हे तो ओळखेल.

तात्यांनी सहासष्टातून साठ वजा केले.

"भरला काटा सहासष्ट, रिकामा काटा साठ," ते म्हणाले. "धड्याचं वजन सहा फेरं. लिही रेश्मा, पाच वॅट. चौदा जणींला पाच वॅटात शिकवतो आपण. हाय का कुणाची टाप?"

"तात्या, ते साठ वजा नका करू," रेश्मा म्हणाली. "पेटी रिकामी असली तरी वीज खातीयाच की. रात्रंदिस खाती. आख्खा दिवस धरला तर सव्वा युनिट जातंय, तवा कुठं चौदा जणींचा एक धडा हुतो. तुमी म्हणताय त्याच्या शंभरपटीच्या वर."

"मग गाडीचं वजन उसात धरू व्हय मी? शेतकरी हाणतील मला."

"गाडी काट्यावर उभी राहून डिझेल पीत न्हाय, तात्या. ही पितीया."

"पोरी, एकतीस वरसं माज्या काट्याला कुणी बोट लावलं न्हाय."

कोपऱ्यात दगडाबाई केरसुणी घेऊन बसली होती. ही हॉलची देखभाल करते. तरुणपणी सासरच्या मेंढरांच्या कळपामागे कोकणापर्यंत चालत गेलेली बाई. तिने न विचारता तोंड घातलं.

"तात्या, मेंढरांच्या वाड्यावर आमी पीठ मोजायचो ना, तवा कुत्र्याची भाकर बी धरायचो. कुत्रं लोकर देत न्हाय, दूध देत न्हाय, दिसभर झोपतंय. पर खातंय का न्हाय? मग पिठात त्याचं धराया नगं?"

बायका हसल्या. तात्यांना राग आला. उसाच्या काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला कुत्र्याच्या भाकरीने शिकवावं, हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी कागदावर पाच वॅट लिहिलं, खाली सही केली आणि त्याखाली लिहिलं, 'मीटर वाचून खात्री केली.' मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपमान तो. घरमालक मला न वाचता खोटं लिहायचा, ते परवडलं. यांनी मला नीट वाचलं, एक रेघ चुकवली नाही, आणि माझ्या खऱ्या बोलण्यातून खोटं काढून त्यावर माझंच नाव घातलं.

प्रमाणपत्र मिळालं. मिळणारच. ज्यांनी दिलं त्यांनी पेटी पाहिली नव्हती, मला पाहिलं नव्हतं, त्यांनी फक्त सगळ्यात लहान आकडा शोधला. दादासाहेबांनी शाल घेतली, नारळ घेतला, तात्यांच्याही खांद्यावर एक शाल आली. भाषणं झाली. एका पाहुण्याने मला 'कॅमेरा' म्हटलं. रेश्माचं नाव कुणी घेतलं नाही, आणि तिलाही ते घेतलेलं नको होतं.

मग डाळजच्या हॉलात भिंतीवर लाल दिव्यांची एक पाटी आली. तिच्यावर अक्षरं सरकायची: 'फक्त ५ वॅट. हरित जाळे. आपली जोडणी.' ही पाटी पेटीच्या चौपट नव्हे, पण त्या पाच वॅटच्या चौपट वीज खायची. कमी वीज लागते हे सांगायला लागणारी वीज! आणि ती माझ्यातून नव्हती घेतली, थेट बॅटरीला जोडली होती, म्हणजे माझ्या नजरेआड. पेटीने निदान काम तरी केलं, ही बाई नुसती मिरवायची.

बॅटरीचं सांगायचं राहिलं. वीज गेली तर परीक्षेत खंड पडू नये म्हणून पेटीला इन्व्हर्टर आणि बॅटरी लावायची होती. रेश्माने मोठी मागितली, ट्रॅक्टरला असते तेवढी. तात्यांनी प्रमाणपत्र पुढे केलं. पेटी पाच वॅट खाते, तर स्कूटरला बसेल एवढी बॅटरीसुद्धा सोळा तास पुरते. गणित बरोबर होतं. पाचाच्या गणिताला मी काय नावं ठेवू? पेटी पाच खात नव्हती, पंचावन्न खात होती. ही बारीकशी अडचण सोडली तर सगळं चोख होतं.

रेश्मा दोनदा तात्यांच्या घरी गेली. दुसऱ्या वेळी त्यांनी तिला चहाही विचारला नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. दुपारी तीनची वेळ. चौदा जणी रांगेत बसल्या. नकोशीने म्हशींचं दूध लवकर काढून डेअरीला घातलं होतं आणि धुतलेल्या साडीची घडी अजून खांद्यावर कडक होती. रावजी तात्या पर्यवेक्षक म्हणून खुर्चीत. दारात दगडाबाई. रेश्मा पेटीशी, मी तिच्या डोक्याच्या वर. परीक्षा सुरू झाली. पाचव्या मिनिटाला वीज गेली.

पंखे थांबले. कुणी घाबरलं नाही. इन्व्हर्टरने पेटी उचलली आणि माझी चकती फिरतच राहिली. तात्या समाधानाने पाटीकडे पाहून हसले. रेश्मा उठली आणि पाटीची वायर काढायला गेली.

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "ती काय खातीया?"

"तात्या, परीक्षा हाय. काढू द्या."

"पोरींनो, गप लिवा. आन् तू बस खाली, रेश्मा. त्यांचं ध्यान मोडतंय."

ती बसली. आपण बसायला नको होतं, असं ती नंतर कितीदा म्हणाली. वीज गेल्यापासून मी फिरत होतो आणि माझे फेरे मोजत होतो. दुसरं काय करणार? मला ओरडता येत नाही. तीस, एकतीस, बत्तीस. इन्व्हर्टरने शिट्टी द्यायला सुरुवात केली, टी, टी, टी. नकोशीने मान वर केली, पुन्हा खाली घातली. बेचाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळिसाव्या फेऱ्याला मी थांबलो. वीज जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. पेटीचे हिरवे दिवे विझले. टॅब सगळे जिवंत होते, त्यांच्यात चार्ज होता, पण चौदाही पडद्यांवर एकच ओळ आली: संपर्क तुटला.

बंद पडलेल्या हॉलात एकच गोष्ट चालू राहिली. पाटी. तिला उरलीसुरली बॅटरी पुरेशी होती. 'फक्त ५ वॅट. फक्त ५ वॅट.' चौदा बायका त्या लाल अक्षरांकडे पाहत बसल्या. शेवटी दगडाबाईने केरसुणीच्या मुठीने वायर ओढून काढली.

तात्यांनी त्याच दिवशी पुण्याच्या संस्थेला पत्र लिहिलं, की वीज गेल्याने खंड पडला, पोरींचा दोष नाही, परीक्षा पुन्हा घ्या. चार दिवसांनी उत्तर आलं. रेश्माने ते हॉलातच मोठ्याने वाचून दाखवलं. लिहिलं होतं, की आपल्या संस्थेच्या प्रमाणित मोजणीप्रमाणे या केंद्रावरची बॅटरी सोळा तास चालते. सबब चाळीस मिनिटांत पडलेला खंड उमेदवारांकडूनच पडला असावा. फेरपरीक्षा देता येत नाही. म्हणजे चौदा जणींनी एकमेकींना खूण करून एकाच क्षणी टॅब बंद केले, असं त्या शहाण्यांचं म्हणणं. पत्राला तात्यांच्या मोजणीची प्रत जोडलेली होती. खाली तात्यांची सही. 'मीटर वाचून खात्री केली.'

तात्यांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले, पेटी चालू केली आणि टॅब एकही चालू न करता तासभर माझ्याकडे पाहत राहिले. या खेपेला रेघा ओढल्या नाहीत. नुसते ओठ हलत होते. साठाव्या फेऱ्याला त्यांनी चष्मा काढला.

"गाडी रिकामी उभी हाय आन् डिझेल पितीया," ते नकोशीला म्हणाले. "कळालं मला, पोरी. माजंच चुकलं."

नकोशी उभी होती. तिचा आवाज चढला नाही.

"तुमचं कळालं, तात्या. माजं वरीस?"

याला एकच उपाय होता, आणि तो काय हे हॉलातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. प्रमाणपत्राची मोजणी खोटी आहे, हे ज्याची सही त्यानेच लिहून द्यायचं. दादासाहेबांनी त्यांना बोलावून समजावलं. कमिटीत बघू, गवगवा कशाला, आणखी नऊ गावांचं काम याच आकड्यावर मिळायचंय. तात्या ऐकून घेऊन उठले. सह्या मागे घेणारा माणूस या भागात कसा ओळखला जातो, हे त्यांना दादासाहेबांपेक्षा जास्त माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात जळोचीला संस्थेची वार्षिक सभा होती. तात्यांनी रेश्माला निरोप धाडला, "मीटर बी घिऊन यी." मी पिशवीतून गेलो. अहवाल वाचून झाले, हार घालून झाले, तेव्हा तात्या व्यासपीठावर चढले. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, एक रिकामी पेटी माझ्यात जोडली आणि पुढच्या रांगेला म्हणाले, "एक मिनिट कुणी बोलू नका. ह्या काळ्या खुणंकडं बघा."

दोनशे माणसं पुढे झुकली. मी एक फेरा पुरा केला. आयुष्यात एवढ्या माणसांनी एकदम माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यातली निम्मी चुकीच्या बाजूला बघत होती, पण असो.

"ह्या पेटीत आत्ता एक बी धडा चालू न्हाय," तात्या म्हणाले. "कुणी बघत न्हाय, कुणी शिकत न्हाय. तरी ही चकती फिरली. ह्यो फेरा मी वजा केला. दिसातलं चौदाशे चाळीस फेरं मी वजा केलं आन् सही ठोकली. रेश्मा सांगत हुती, मी ऐकलं न्हाय. त्या पाच वॅटापायी डाळजच्या पोरींची परीक्षा बुडाली." त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "माजा काटा चुकला."

मागच्या रांगेतून कुणीतरी हसत ओरडलं, "मग तात्या, आमच्या उसाचं बी एकदा बघाय पायजे की!"

लोक हसले. मोठ्याने हसले. एकतीस वर्षांचा चोख काटा त्या एका हसण्यात गेला. उसाच्या काट्यात तात्यांचं एक किलोही चुकलेलं नव्हतं, तिथे रिकामी गाडी वजा करणंच बरोबर होतं. हे त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. ते व्यासपीठावरून उतरले, मला उचलून रेश्माच्या पिशवीत ठेवलं आणि एकटेच चालत बाहेर पडले. मी आयुष्यभर माणसांना नावं ठेवत आलो आहे आणि पुढेही ठेवणार आहे. त्या दिवशी मात्र नावं ठेवण्याजोगी दोनशे माणसं खुर्च्यांवर होती आणि तात्या त्यांत नव्हते.

तात्यांनी नवी मोजणी लिहून सही करून पाठवली. प्रमाणपत्र परत गेलं, नऊ गावांचं कामही गेलं. फेरपरीक्षेची तारीख आली. पाटी दादासाहेबांनी उतरवून नेली. आता ती म्हणे त्यांच्या कार्यालयात दुसरंच काही मिरवते. तिच्या जागी हॉलात ट्रॅक्टरएवढी बॅटरी आली.

फेरपरीक्षेला विसाव्या मिनिटाला वीज गेली. तात्या पर्यवेक्षक नव्हते, त्यांना कुणी ते काम दिलं नव्हतं. ते आपल्या पायांनी आले होते आणि भिंतीशी बसून माझे फेरे मोजत होते. चव्वेचाळिसावा फेरा आला तेव्हा त्यांनी श्वास रोखला, ते मी पाहिलं. पंचेचाळिसावा आला. मी फिरत राहिलो. दीड तास पुरा झाला, चौदा जणी उठल्या. नकोशी टॅब ठेवून तात्यांसमोर आली.

"किती झालं, तात्या?"

"नव्व्याण्णव."

"समदं धरलं?"

"समदं."

तिने मान हलवली आणि म्हशींची वेळ झाली म्हणून निघून गेली. ती पास झाली का, हे मला विचारू नका. निकाल लागायचा आहे, आणि माझं काम वीज मोजण्याचं आहे.

तर मित्रांनो, ही माझी कहाणी. तुम्ही मोठे होऊन मोजणार आहात, निदान मोजतो असं म्हणणार आहात. तेव्हा जे दिसतं, नाचतं, शिकवतं, त्याच्याबरोबर जे नुसतं बसून खातं तेही मोजा. ते तुमच्या सोयीचं नाही म्हणून वजा करू नका; त्या वजाबाकीत कुणाचं तरी वर्ष जातं. आणि मीटर जुना असो की नवा, त्याचं ऐका. त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढणं म्हणजे ऐकणं नव्हे.

आता संध्याकाळचा तास संपला आहे. बायका घरी गेल्या, दगडाबाईने झाडून घेतलं, दाराला कडी लागली. हॉलात कुणी नाही. पेटी बंद करायला आजही सगळ्या विसरल्या. मी फिरतो आहे, मिनिटाला एक फेरा.